विली हास : प्रागहून मुंबईत आलेला संपादक



पहाटे आकाशवाणी सुरू होण्याआधी वाजणारी ती धून आठवते ना? मागे तंबोरा आणि त्यावर व्हायोलिनचे सूर. आमच्या घरी ती धून वाजली की आई चहाचं आधण ठेवायची. ही धून सहसा वॉल्टर कॉफमन या संगीतकाराच्या नावावर सांगितली जाते. कॉफमन ज्यू होते. हिटलरच्या काळात जर्मनीत आणि आसपास काय वाढून ठेवलंय हे ओळखून ते १९३४ मध्येच मुंबईला आले आणि पुढे इथल्या रेडिओवर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. व्हॉट्सॲपवरसुद्धा फिरत असते.

पण आजचा लेख कॉफमन यांच्यावर नाही. त्यांच्यानंतर पाच वर्षांनी त्याच वाटेने मुंबईत उतरलेल्या एका लेखकावर आहे. त्यांचं नाव विली हास. जर्मन साहित्याच्या जगात हे मोठं नाव, आपल्याकडे मात्र जवळजवळ कुणालाच ठाऊक नाही. मुंबईने ज्यांना आसरा दिला त्यात चित्रकार, संगीतकार, डॉक्टर यांची नावं येतात. लेखक मागे पडतो, कारण त्याचं काम भाषेत असतं आणि ती भाषा इथे कुणाला येत नव्हती. मला हास यांच्या आयुष्यात सगळ्यात जास्त हीच गोष्ट लागली.

विली हास यांचा जन्म ७ जून १८९१ चा, प्राग शहरातला. आज हे शहर चेक प्रजासत्ताकाची राजधानी आहे, तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. वडील वकील. घर ज्यू आणि घरातली भाषा जर्मन. रस्त्यावरची भाषा चेक. म्हणजे एका शहरात दोन भाषा आणि त्या दोन भाषांच्या लोकांत सतत कुरबुर. ज्यू लोक मधल्यामध्ये. जर्मन बोलणाऱ्यांना ते परके आणि चेक बोलणाऱ्यांनाही परके.

हास यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं, पण जीव रमला तो साहित्यात. प्रागमध्ये आर्को नावाचं एक कॉफीघर होतं. तिथे तरुण लिहिणारी मंडळी जमायची. फ्रांझ व्हेर्फेल, माक्स ब्रोड आणि एक बारीक, लाजरा माणूस जो दिवसा विमा कार्यालयात नोकरी करायचा. तो फ्रांझ काफ्का. हो, तोच. सकाळी उठल्यावर किडा झालेल्या माणसाची गोष्ट लिहिणारा. मराठीत विलास सारंगांच्या कथांविषयी बोलताना ज्याचं नाव हमखास येतं तो.

विशीत असतानाच हास यांनी १९११-१२ मध्ये 'हेर्डर-ब्लेटर' नावाचं एक छोटं नियतकालिक चालवलं. आपल्याकडच्या लघुनियतकालिकांसारखंच समजा. अंक थोडे, पैसा त्याहून थोडा आणि उत्साह भरपूर. त्यात काफ्काचा एक छोटासा तुकडा छापला होता, घरातल्या गोंगाटाबद्दलचा. दारं आपटतायत, बहिणी ओरडतायत आणि लिहिणारा बिचारा आपल्या खोलीत बसलाय. काफ्काला तेव्हा कोण ओळखत होतं? पण हास यांनी छापलं. चांगल्या संपादकाला समोरच्याचं मोठेपण इतरांच्या आधी दिसतं. हा गुण त्यांच्यात पहिल्यापासून होता.

पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. युद्ध संपल्यावर बर्लिनला गेले. तिथे चित्रपटांवर लिहिलं, मग चित्रपटांसाठीच लिहायला लागले. १९२५ चा 'आनंद नसलेली गल्ली' अशा अर्थाच्या नावाचा एक गाजलेला जर्मन मूकपट आहे, दिग्दर्शक पाब्स्ट. युद्धानंतरच्या व्हिएन्नातली भूक, मटणाच्या दुकानासमोरच्या रांगा, असं सगळं त्यात आहे. ग्रेटा गार्बो ही नंतर जगप्रसिद्ध झालेली अभिनेत्री त्यात आहे. त्याची पटकथा हास यांची. ही चित्रपटाची विद्या पुढे मुंबईत त्यांच्या पोटाला उपयोगी पडणार होती, पण तेव्हा हे त्यांना कुठे ठाऊक?

त्याच वर्षी प्रकाशक अर्न्स्ट रोवोल्ट यांच्याबरोबर त्यांनी 'दी लिटरारिशे वेल्ट' हे साप्ताहिक काढलं. अर्थ सरळ आहे, 'साहित्यजग'. वर्तमानपत्रासारखं दिसणारं, फक्त पुस्तकं आणि लेखक यांना वाहिलेलं साप्ताहिक. त्या काळच्या जर्मन भाषेतले मोठमोठे लेखक त्यात लिहायचे. वॉल्टर बेंजामिन हे विचारवंत तर नेहमीचे. आठ वर्षं हास यांनी ते चालवलं. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला हाच सगळ्यात सुखाचा काळ असावा.

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. १० मे १९३३ ला बर्लिनच्या चौकात विद्यार्थ्यांनी, लक्षात घ्या, विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी, हजारो पुस्तकं जाळली. ज्यांची पुस्तकं जळली त्यातले कित्येक जण हास यांच्या साप्ताहिकाच्या जगातले. ज्यू संपादकाला तिथे जागा उरली नाही. साप्ताहिक हातातून गेलं आणि हास प्रागला परतले. तिथे पुन्हा एक नवं साप्ताहिक काढून पाहिलं, ते १९३४ पर्यंत कसंबसं चाललं आणि बंद पडलं. जर्मन भाषेतलं साप्ताहिक, पण जर्मनीतच विकता येत नाही, मग चालणार कसं?

इथे थोडं थांबते. आपण मुलांना शिकवताना 'हिटलरने साठ लाख ज्यूंना मारलं' असं एक वाक्य सांगतो आणि पुढे जातो. वाक्य खरं आहे. पण मारण्याच्या आधी सहा-सात वर्षं एकेक गोष्ट काढून घेणं चाललं होतं. आधी नोकरी. मग मुलांची शाळा. मग व्यवसायाचा परवाना, नागरिकत्व, घर. लेखकाच्या बाबतीत सगळ्यात आधी त्याचा वाचक काढून घेतला. हास यांचं पुढचं आयुष्य समजायला हे डोक्यात ठेवायला हवं.

१५ मार्च १९३९. जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. आता पळायलाच हवं होतं. या गडबडीच्या दिवसांतली एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी.

मिलेना येसेन्स्का ही चेक पत्रकार हास यांची जुनी ओळखीची. ती स्वतः ज्यू नव्हती. १९२० च्या सुमारास ती काफ्काची एक कथा चेक भाषेत आणत होती, त्यातून दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो प्रेमाचा झाला. काफ्का तिला जर्मनमध्ये लिहायचा, पण तिने मात्र आपल्याला चेकमध्येच लिहावं असा त्याचा आग्रह. का, तर तिच्या मातृभाषेतच ती त्याला पूर्ण भेटते असं त्याला वाटे. (भाषा शिक्षक म्हणून मला हे फार आवडलं.) काफ्का १९२४ मध्ये क्षयाने गेला. त्याची पत्रं मिलेनाने पंधरा वर्षं जपून ठेवली होती. जर्मन आल्यावर १९३९ च्या वसंतात तिने ती सगळी विली हास यांच्या स्वाधीन केली.

स्वतः मिलेना प्रागमध्येच राहिली. संकटातल्या लोकांना देशाबाहेर निसटायला तिने मदत केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिला अटक झाली आणि १७ मे १९४४ रोजी रावेन्सब्र्युक या छळछावणीत ती मरण पावली. तिने काफ्काला लिहिलेली पत्रं कुठेच मिळाली नाहीत. त्याने तिला लिहिलेली राहिली.

हास निघाले ते थेट मुंबईला.

मुंबईच का? तर इथे ओळख होती. कॉफमन आधीच येऊन स्थिरावले होते. आणखी एक नवलाची गोष्ट अशी की कॉफमन यांची पत्नी गेर्टी ही काफ्काची सख्खी भाची, त्याच्या एली नावाच्या बहिणीची मुलगी. म्हणजे काफ्काच्या घरातली एक मुलगी तेव्हा मुंबईत संसार करत होती! आणि मोहन भवनानी होते. जर्मनीत जाऊन चित्रपटाचं तंत्र शिकून आलेले निर्माते-दिग्दर्शक. कॉफमन यांनी त्यांच्या चित्रपटांसाठी काम केलं होतं.

ओळखीला एवढं महत्त्व का, तेही सांगते. ब्रिटिश सरकार निर्वासितांना असंच येऊ देत नव्हतं. इथे नोकरी किंवा कुणाची तरी हमी असावी लागे, म्हणजे हा माणूस सरकारवर भार होणार नाही याची खात्री. मुंबईत १९३४ पासून ज्यू मदत संघटना काम करत होती, ती अशा लोकांसाठी हमी देत असे. आपल्या कोकणातले बेने इस्रायली तर शेकडो वर्षं इथलेच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली', मराठी बोलणारे, अलिबाग-पेण भागातल्या गावांवरून नवगावकर, पेणकर अशी आडनावं लावणारे. १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर डॉ. ई. मोझेस हे याच समाजातले, महालक्ष्मीचा ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. एका बाजूला युरोपात ज्यू माणसाला बाकावर बसायची बंदी आणि इथे मुंबईचा महापौर ज्यू. हास यांना बोटीवरून उतरल्यावर काय वाटलं असेल?

पण सगळं गोड नव्हतं. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ब्रिटिशांनी इथल्या जर्मन, ऑस्ट्रियन माणसांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडायला सुरुवात केली. त्यात हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही सापडले. अहमदनगरला छावणी होती. पुढे साताऱ्याला आणि आपल्या पुरंदर किल्ल्यावरसुद्धा अशी कुटुंबं ठेवली होती. आपण सहल घेऊन पुरंदरला जातो तेव्हा संभाजी महाराजांचं जन्मस्थान दाखवतो, पुरंदरचा तह सांगतो. हेही सांगता येईल की.

हास भवनानींच्या चित्रपट कंपनीत पटकथा लिहायला लागले. 'झूठी शर्म', 'प्रेम नगर' हे १९४० च्या सुमाराचे हिंदी चित्रपट. 'प्रेम नगर' आज कुणाला आठवत असेल तर तो नौशाद यांचा संगीतकार म्हणून पहिला चित्रपट म्हणून. त्याच्या लेखनात प्रागच्या, काफ्काच्या कट्ट्यावरच्या एका माणसाचा हात आहे हे वाचून मी दोनदा डोळे चोळले. गंमत म्हणजे याच भवनानींसाठी १९३४ मध्ये मुन्शी प्रेमचंदांनी 'मजदूर' चित्रपटाची कथा लिहिली होती, ज्यावर मुंबईत बंदी आली. प्रेमचंद मुंबईच्या चित्रपटसृष्टीला कंटाळून वर्षभरात परत गेले. त्यांना परत जायला गाव होतं. हास यांना नव्हतं.

आता विचार करा. वय ४८. वीस वर्षं ज्याने एका भाषेचं साहित्य घडवलं, कुणाचं छापायचं, कुणाचं नाही हे ठरवलं, तो माणूस अशा भाषेतले चित्रपट लिहितोय जी त्याला येत नाही. तो लिहिणार, दुसरं कुणी ते हिंदीत करणार, नट ते बोलणार. पडद्यावर आपलेच संवाद ऐकताना त्याला कळत नसणार की हे आपलं वाक्य. आणि ज्या भाषेत तो स्वप्नं बघतो, ती भाषा त्या वेळी जगभर कशाची झाली होती? हुकूम सोडणाऱ्यांची. मारणाऱ्यांची. ब्रिटिश मुंबईत रस्त्यावर मोठ्याने जर्मन बोलायचीही सोय नव्हती.

हे वाचताना मला माझा वर्ग आठवला. वसई-विरारमधल्या शाळांत काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. एका बाकावर घरी वाडवळी बोलणारं मूल, शेजारी सामवेदी, मागे भोजपुरी, गुजराती, पूर्वेकडच्या पाड्यावरून आलं असेल तर वारली. मागच्या वर्षी जूनमध्ये दुसऱ्या राज्यातून आलेली एक मुलगी दिवाळीपर्यंत वर्गात एक शब्द बोलली नाही. मी वहीत शेरा लिहिला, 'मंद प्रतिसाद'. एकदा मधल्या सुट्टीत ती आपल्या धाकट्या भावाला गोष्ट सांगताना दिसली. हातवारे, आवाज बदलणं, सगळं. मी तिचा शेरा खोडला, पण शेरा लिहिला होता हे काही खोडता येत नाही. हास यांच्यासारख्या लेखकाची आणि तिची तुलना नाही, तिच्यावर कुणी बंदूक रोखलेली नव्हती. पण भाषा गेली की हुशार माणूस कसा मुका दिसतो, ते मी तिच्यात पाहिलं होतं.

चित्रपटाचं काम काही वर्षंच चाललं. नंतर हास यांनी ब्रिटिश-भारतीय लष्करासाठी पत्रं तपासणारा सेन्सॉर म्हणून नोकरी धरली. युद्धाच्या काळात सगळी टपालं उघडून वाचली जात, धोक्याचा मजकूर खोडला जाई. एकेकाळचा नामांकित संपादक आता लोकांची खाजगी पत्रं वाचून ओळींवर काळी रेघ मारत होता. पोटासाठी माणूस काय काय करतो. तरी निदान भाषा त्याच्या कामाची ठरली, असंही म्हणता येईल.

तिकडे युरोपात जे व्हायचं ते झालं. काफ्काच्या तिन्ही बहिणी मारल्या गेल्या. एली, म्हणजे मुंबईतल्या गेर्टीची आई, आणि वाली यांना पोलंडमधल्या लोड्झच्या वस्तीत पाठवलं. धाकटी ओटला हिला आधी एका छावणीत ठेवलं होतं. तिथे अनाथ मुलांचा एक मोठा गट आणला गेला, सुमारे बाराशे मुलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांच्याबरोबर जायला ती आपणहून तयार झाली. ती गाडी ऑशविट्झला गेली. प्रागच्या एका जुन्या ज्यू प्रार्थनास्थळाच्या भिंतींवर मारल्या गेलेल्या माणसांची नावं हाताने लिहिली आहेत, जवळपास ८० हजार. हास यांचं नाव त्या भिंतीवर येऊ शकलं असतं. मुंबईमुळे आलं नाही. वॉल्टर बेंजामिन यांना अशी वाट सापडली नाही. सप्टेंबर १९४० मध्ये फ्रान्स-स्पेनच्या सीमेवर अडवलं गेल्यावर त्यांनी जीव दिला.

१९४७ मध्ये हास यांनी भारत सोडला. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं ते वर्ष. आठ वर्षं झाली होती. आधी लंडन आणि मग १९४८ मध्ये चक्क जर्मनी, हॅम्बुर्ग. तिथल्या 'दी वेल्ट' या दैनिकात ते शेवटपर्यंत लिहीत राहिले, 'कॅलिबान' या टोपणनावाने त्यांचं सदर चालायचं. ज्या देशाने आपल्याला हाकललं, आपली माणसं मारली, त्याच देशात परत? कॉफमन परतले नाहीत, ते कॅनडा आणि मग अमेरिकेत गेले. हास यांनी बरोबर केलं की चूक, यावर मी बराच विचार केला आणि मला वाटतं की बरोबर-चूक ठरवणारे आपण कोण. संगीतकाराला व्हायोलिन कुठेही वाजवता येतं. जर्मन लेखकाला जर्मन वाचक जर्मनीतच मिळणार. भाषा काही हिटलरच्या मालकीची नव्हती, ती त्याने बळकावली होती. ती परत घ्यायला कुणीतरी जायला हवं होतंच ना?

१९५२ मध्ये त्यांनी काफ्काची 'मिलेनाला पत्रे' संपादित करून प्रसिद्ध केली. लिहिणारा गेला होता, जिला लिहिली तीही छावणीत संपली होती, आणि ज्याच्या हाती पत्रं सोपवली होती तो भारतात आठ वर्षं काढून परत आला होता. १९५७ मध्ये त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या आणि पुस्तकाला नाव दिलं आपल्या जुन्या साप्ताहिकाचं, 'दी लिटरारिशे वेल्ट'. छळातून वाचलेल्यांचं साहित्य म्हटलं की आपल्याला छावणीतल्या कहाण्या आठवतात, किंवा ॲन फ्रँकची डायरी, जी मराठीतही आहे आणि जी तिच्या वाचलेल्या वडिलांनी छापायला दिली. हास यांचं काम वेगळ्या जातीचं आहे. त्यांनी छावणी पाहिली नाही. जे लोक उरले नाहीत त्यांच्या कॉफीघरातल्या गप्पा, त्यांचे स्वभाव, त्यांची भांडणं हे त्यांनी लिहून ठेवलं.

मी चौथीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा छावण्यांचं वर्णन टाळलं. नकाशावर प्राग ते मुंबई दोरा लावला आणि विचारलं, घाईने घर सोडायचं आहे, एकच पिशवी आहे, काय घ्याल? मोबाइल, आधार कार्ड, बाहुली, आजीची गोधडी अशी उत्तरं आली. मग मिलेनाने काय दिलं ते सांगितलं. एका मुलाने विचारलं, बाई, दुसऱ्यांची पत्रं वाचायची नसतात ना? मग त्यांनी छापली कशी?

प्रश्न बरोबर आहे. हास यांनाही तो पडला असावा. कारण १९५२ च्या पुस्तकात त्यांनी पत्रांतला बराच मजकूर गाळला. हयात असलेल्या माणसांना लागेल असं जे जे वाटलं, ते काढून टाकलं. लष्करात पत्रं खोडणाऱ्या माणसाने इथे पुन्हा एकदा रेघ मारली, या वेळी स्वतःच्या मर्जीने. काढलेल्या ओळींत काही खुद्द हास यांच्याबद्दलच्याही होत्या आणि त्या काही फार चांगल्या नव्हत्या. तरी त्या त्यांनी फाडल्या नाहीत. ४ सप्टेंबर १९७३ ला हॅम्बुर्गमध्ये ते वारले आणि १९८३ मध्ये पत्रांची पूर्ण आवृत्ती निघाली. तीत त्या ओळी जशाच्या तशा आहेत.